पेटी थोडी रिकामी ठेवा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "भाईजान, तुमच्या भाच्याला चार शब्द सांगा. दोन वर्षं साठवलेले पैसे तो तारांच्या डब्यात घालायला निघालाय. इकडं गच्ची गळतेय."

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्याजवळ लाखभर रुपये जमले होते आणि त्यातून त्याला मॉड्युलर सिंथेसायझर घ्यायचा होता. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विजेचा आणि माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. तरी बहिणीला शब्द दिला की बघतो. मनात होते, पोराला समजावून परत पाठवायचे. पण समजावायला आधी समजून घ्यावे लागते. त्या समजून घेण्यात सहा महिने गेले. या काळात जे कळले ते आज तुम्हाला सांगतो आहे. अशा यंत्राच्या नादी लागलेले एखादे पोर तुमच्याही घरात असेल. किंवा कोणी सांगावे, तुम्हीच असाल.

या विषयात मी अगदीच परका नव्हतो, हेही कबूल करतो. माझे बालपण मिरजेत गेले. अब्बा तंबोऱ्याच्या कारखान्यात कामाला होते. दुपारभर घोडीवर जवारी काढत बसायचे. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोरा सरकवायचा. तार एकच, पण दोरा केसभर सरकला की आवाज बदलतो, मिटलेला आवाज उमलतो. एका स्वरात अनेक स्वर दडलेले असतात आणि त्यांतले किती बाहेर येऊ द्यायचे हे कारागीर ठरवतो, एवढे मला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते. पुढे कळले की सिंथेसायझरचे अर्धे शास्त्र याच वाक्यात आहे.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या की-बोर्डमध्ये शेकडो आवाज तयार भरलेले असतात. बटण दाबा, बासरी. दुसरे दाबा, व्हायोलिन. मॉड्युलरमध्ये तयार आवाज एकही नसतो. असतात ते वेगवेगळे ठोकळे. त्यांना मॉड्यूल म्हणतात. प्रत्येकाचे काम ठरलेले. एक आवाज जन्माला घालतो, दुसरा त्याला गाळतो, तिसरा लहानमोठा करतो, चौथा वेळ मोजतो. हे ठोकळे एका चौकटीत शेजारीशेजारी बसवायचे आणि पुढच्या बाजूच्या छिद्रांतून छोट्या तारांनी एकमेकांना जोडायचे. जोडणी बदलली की वाद्य बदलले. तारा काढून टाकल्या की वाद्य मुके.

या ठोकळ्यांची आपसातली भाषा एकच, विजेचा दाब. व्होल्टेज. मला हे समजायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगतो. आवाज काढणाऱ्या ठोकळ्याला ऑसिलेटर म्हणतात. त्याला एक व्होल्ट जास्त दिला की त्याचा स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. षड्जाचा तार षड्ज होतो. सप्तकात बारा स्वर धरले, तर शुद्ध रेषभावरून कोमल गांधारावर जायला व्होल्टचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट लागतात. हा दाब हाताने बटण फिरवून देता येतो, पट्टीवरून देता येतो, किंवा दुसरा ठोकळाही देऊ शकतो. एका ठोकळ्याने दुसऱ्याला चालवायचे, ही या वाद्यातली सगळी गंमत.

आता साध्यातला साधा आवाज कसा तयार होतो ते पाहा. ऑसिलेटरमधून निरनिराळ्या आकाराच्या लहरी निघतात. साइन लहर गुळगुळीत, शिट्टीसारखी. तिच्यात मूळ स्वराशिवाय काही नाही. करवतीच्या दातांसारखी जी लहर असते तिच्यात सगळे उपस्वर भरलेले. चौकोनी लहरीत फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर, म्हणून तिचा आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या जवळ जाणारा. करवती लहर फिल्टरमध्ये सोडायची. फिल्टर वरचे उपस्वर कापतो. बटण फिरवले की तो उघडतो, मिटतो. भाच्याने मला पहिल्यांदा हे ऐकवले तेव्हा मी म्हणालो, "अरे, ही तर जवारी." तंतोतंत तेच नव्हे, पण कान तेच ऐकतो.

फिल्टरनंतर येतो व्हीसीए, म्हणजे विजेच्या दाबाने चालणारा आवाजाचा नळ. दाब आला की नळ उघडतो, गेला की बंद. हा नळ किती झटकन उघडावा आणि किती सावकाश मिटावा हे ठरवणारा ठोकळा म्हणजे एन्व्हलप. झटकन उघडून झटकन मिटला तर टिचकी ऐकू येते. हळू उघडून हळू मिटला तर श्वास. आणखी एक ठोकळा असतो, एलएफओ. तोही लहरीच काढतो, पण इतक्या संथ की त्या स्वर म्हणून कानाला ऐकू येत नाहीत. त्या दुसऱ्या ठोकळ्यांना हलवतात. स्वराला कंप देतात, फिल्टर आपोआप उघडझाप करतात. आणि सिक्वेन्सर म्हणजे आठ किंवा सोळा पायऱ्यांचा रहाट. प्रत्येक पायरीवर एक स्वर ठेवायचा आणि रहाट फिरू द्यायचा.

एवढे कळले की अर्धी भीती जाते. उरलेली भीती पैशांची. ती जाऊ देऊ नये.

हे यंत्र आले कुठून? अमेरिकेतून. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मोग या अभियंत्याने संगीतकार हर्ब डॉइश यांच्या सोबतीने आपला पहिला नमुना बनवला. त्याच सुमारास पलीकडच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या टेप म्युझिक सेंटरमधल्या संगीतकारांसाठी डॉन बुकला स्वतंत्रपणे असेच यंत्र बांधत होते. मोगने आपल्या यंत्राला पियानोसारखी पट्टी जोडू दिली. बुकलांना ती नको होती. पट्टी दिसली की माणूस जुनीच गाणी वाजवतो, असा त्यांचा कल. म्हणून त्यांनी बोटांच्या स्पर्शाने चालणारे पत्रे दिले. अजूनही या क्षेत्रात पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा अशी दोन घराणी मानतात. पूर्वेचे घराणे भरलेला आवाज घेऊन फिल्टरने कापते. पश्चिमेचे घराणे साधी लहर घेऊन तिला दुमडून, वळवून उपस्वर वाढवते. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी मोगवर बाखचे संगीत वाजवले आणि ती ध्वनिमुद्रिका तुफान खपली. त्याच्या आदल्या वर्षी मॉर्टन सबॉटनिक यांनी बुकलाच्या यंत्रावर अख्खी ध्वनिमुद्रिका केली होती.

आपल्याकडेही हे यंत्र फार लवकर आले, हे मला ठाऊक नव्हते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोगचा मॉड्युलर उभा करून दिला. या स्टुडिओमागे पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई होत्या. याच गीताबाईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अहमदाबादेत त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तीन-चार वर्षे या यंत्रावर काम केले. मग ते थांबले. ध्वनिफिती संस्थेतच पडून राहिल्या. अलीकडे ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रकाशित झाल्या. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपास, मिरजेपासून एका रात्रीच्या प्रवासावर, आपलीच माणसे हे करत होती. बहिणीला मी हे मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्या गच्च्या गळत नसतील."

मोगचे ते जुने मॉड्युलर कपाटाएवढे असत आणि संस्थांनाच परवडत. घराघरांत हे यंत्र जायला कारण झाले एक जर्मन. म्युनिकजवळच्या डीटर डोप्फर यांनी १९९५ च्या सुमारास ए-१०० ही लहान ठोकळ्यांची मालिका काढली आणि मोजमापे ठरवून दिली. पुढे शेकडो कारागिरांनी तीच मापे धरली. या मापाला युरोरॅक म्हणतात. ठोकळ्याची उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपी या एककात, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. वीज अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट. तारा ३.५ मिलिमीटरच्या, साध्या हेडफोनच्या टोकाएवढ्या. त्यामुळे अमेरिकेतल्या एका कारागिराचा ठोकळा आणि जपानमधल्या दुसऱ्याचा ठोकळा शेजारी बसतात आणि एकमेकांचे ऐकतात. आज नवखा माणूस मॉड्युलर घेतो म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा युरोरॅकच घेत असतो.

आता खरेदीकडे येऊ. इथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे.

१९९४ साली, नोकरी लागल्या लागल्या, मी हप्त्याने एक की-बोर्ड घेतला. माझ्या गझलांना चाली लावायच्या होत्या. दुकानदाराने विचारले, "किती आवाजांचा दाखवू?" मी म्हणालो, "सगळ्यात जास्त ज्यात असतील तो." अब्बांनी तो पाहिला. एकेक बटण दाबून ऐकला. म्हणाले, "बटणं मोजत बसशील, गाणार कधी?" मला राग आला होता. पण हप्ते अठरा महिने चालले आणि चाली दोनच झाल्या. तो की-बोर्ड अजून कपाटावर आहे, चादरीत गुंडाळलेला.

म्हणून भाचा पहिल्यांदा बोलायला आला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. "तुला आवाज कोणता हवाय?" तो ठोकळ्यांची नावे सांगू लागला. मी म्हणालो, "ठोकळा नव्हे रे, आवाज." त्याने खूप वेळ विचार केला. मग म्हणाला, "मामू, नानांच्या तंबोऱ्यासारखं काहीतरी. अखंड चालणारं. पण आतून हळूहळू बदलत जाणारं."

या एका उत्तराने निम्मी यादी गळून पडली. पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवावी. ज्याला नाचाचा ठेका हवा त्याची यादी वेगळी, ज्याला अखंड सूर हवा त्याची वेगळी. ठेक्यासाठी ढोलाचे ठोकळे आणि घड्याळ लागते. अखंड सुरासाठी दोन ऑसिलेटर, एक चांगला फिल्टर आणि संथ हलणाऱ्या दोन-तीन लहरी पुरतात. आवाज कानात आधी ऐकू आला नाही, तर दुकानात सगळेच हवेसे वाटते.

दुसरी गोष्ट, पैसे खर्च करण्याआधी फुकटात शिकता येते. २०१७ पासून व्हीसीव्ही रॅक नावाची एक आज्ञावली संगणकावर विनामूल्य मिळते. पडद्यावर चौकट, पडद्यावर ठोकळे, पडद्यावर तारा. मी भाच्याला अट घातली की तीन महिने यावर काम कर आणि महिन्याला एक रचना मला पाठव. पहिल्या महिन्यात त्याने चाळीस ठोकळे जोडले आणि पाठवलेला आवाज गिरणीसारखा होता. तिसऱ्या महिन्यात नऊ ठोकळे राहिले. आम्ही त्या नवांची नावे वहीत लिहून ठेवली. खरेदीची यादी तीच.

या काळात त्याने एक लपवाछपवी केली, तीही सांगतो. एक वापरलेला ठोकळा स्वस्तात मिळतो म्हणून कोणाकडून तरी अकरा हजारांना घेऊन ठेवला. चौकट नाही, वीज नाही. तो ठोकळा टेबलाच्या खणात पडून राहिला. पुढे एका मित्राच्या चौकटीत लावून पाहावा म्हणून घेऊन गेला. ठोकळ्याच्या मागे विजेची चपटी पट्टी असते, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती रेघ उणे बारा व्होल्टची बाजू दाखवते. पट्टी उलटी लागली की अधिकच्या जागी उणे जाते. पोराने घाईत ती उलटी लावली. जळका वास आला आणि अकरा हजार गेले. मला फोन केला तेव्हा बराच वेळ काही बोललाच नाही. आईला सांगू नका, एवढेच म्हणाला. मी सांगितले नाही, पण त्यालाच सांगायला लावले. घरच्यांपासून लपवून घेतलेले वाद्य मोकळेपणाने वाजत नाही.

म्हणून हे नीट ऐकून ठेवा. पुढच्या छिद्रांत तार चुकीची लावली तर सहसा काही जळत नाही. फार तर आवाज येत नाही किंवा विचित्र येतो. तिथे निर्धास्तपणे प्रयोग करावेत. मागची पट्टी मात्र वीज बंद करून, लाल रेघ आणि ठोकळ्यावरची खूण दोनदा पाहून मगच लावावी. काही ठोकळ्यांत उलट्या पट्टीपासून बचावाची सोय असते, सगळ्यांत नसते. सोय आहे असे धरून चालू नये.

तिसरी गोष्ट, चौकट आणि वीज. नवख्याला हा खर्च जिवावर येतो, कारण यातून आवाज निघत नाही. पण घर बांधताना पाया कोणी स्वस्तात घालत नाही. प्रत्येक ठोकळ्याच्या माहितीपत्रात तो किती मिलिअँपिअर वीज खातो ते दिलेले असते. अधिक बाराचा आकडा वेगळा, उणे बाराचा वेगळा, काहींना पाच व्होल्टही लागतात. तिन्ही रकान्यांची वेगळी बेरीज करायची. समजा, अधिक बाराची बेरीज ६०० झाली, तर ६०० चा वीजपुरवठा घेऊ नये. पाव भाग तरी वर ठेवावा. ताणून वापरलेली वीज तापते, आवाजात घरघर येते, स्वर डळमळतो. दुकानाच्या हिशेबाची वही ज्याला लिहिता येते त्याला ही बेरीज जमते. मी बी.ए. असून मला जमली.

रुंदीचा हिशेब आम्ही आलेखाच्या कागदावर केला. ८४ एचपीची एक ओळ म्हणजे सुमारे ४२.७ सेंटिमीटर. दोन विती म्हणा. कागदावर पट्ट्या कापून ठेवल्या आणि सरकवत बसलो. मी एकच आग्रह धरला. चौकटीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा. वर्षभर वाजवल्यावर काय कमी आहे ते हात सांगतो, आणि तेव्हा जागा लागते. सुरुवातीलाच चौकट भरली तर मन दुसऱ्या चौकटीकडे धावते. रिकाम्या जागेवर झाकणाच्या पट्ट्या बसवता येतात; आत धूळ जात नाही, बोट जात नाही.

चौथी गोष्ट, सुरुवात सुट्या ठोकळ्यांनी करायची की जोडलेल्या यंत्राने? मधला एक मार्ग आहे, त्याला अर्ध-मॉड्युलर म्हणतात. ऑसिलेटर, फिल्टर, व्हीसीए, एन्व्हलप हे सगळे एकाच डब्यात आतून जोडलेले असतात. एकही तार न लावता आवाज येतो. वर छिद्रेही असतात, तार लावली की आतली जोडणी मोडून तुमची लागू होते. मोगचे २०१५ मध्ये आलेले मदर-३२ या जातीचे. ते ६० एचपी रुंद आहे, पुढे युरोरॅकच्या चौकटीतही बसते. मेक नॉइज या अमेरिकन कारागिरांचे झिरो-कोस्टही याच जातीचे. त्याच्या नावातच कोणत्याही किनाऱ्याचे नाही असा विनोद आहे. पहिल्या खरेदीला मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटला. चांगल्या कारागिराचा सुटा ठोकळा साधारण शंभरापासून चारशे युरोपर्यंत जातो, वर टपाल आणि सीमाशुल्क. पाच-सहा सुटे ठोकळे, चौकट आणि वीज यांच्या बेरजेपेक्षा एक अर्ध-मॉड्युलर बराच स्वस्त पडतो. आणि नाद सुटलाच, तर एक वस्तू विकणे दहा वस्तू विकण्यापेक्षा सोपे.

पाचवी गोष्ट, मीठ-मोहरी. म्हणजे दिसायला क्षुल्लक, पण ज्यांच्याविना स्वयंपाक अडतो ते ठोकळे. एका तारेचा दाब तीन ठिकाणी वाटून देणारा मल्टिपल. दाब कमी करणारा अटेन्युएटर. दोन आवाज एकत्र करणारा मिक्सर. आणि व्हीसीए, एक नव्हे, निदान दोन. या क्षेत्रातले जुने लोक म्हणतात की व्हीसीए कधी जास्त होत नाहीत. तो आवाजाचाच नळ आहे असे नाही, दाबाचाही आहे. कंप एकदम न येता हळूहळू वाढत यावा असे वाटले, तर कंपाची लहर व्हीसीएमधूनच न्यावी लागते. नवखा माणूस चार चमकदार ऑसिलेटर घेतो आणि त्यांना सांभाळणारे कोणी नसते. घरात चार गवई आणि तबलजी नाही, अशी गत.

सहावी गोष्ट आपल्या संगीतातून आलेली. बहुतेक सिक्वेन्सर आणि क्वांटायझर नावाचा ठोकळा स्वराला बारा खणांत बसवतात. मधला स्वर आला की जवळच्या खणात ढकलतात. पाश्चात्त्य चालींना ते सोयीचे. पण विजेचा दाब मुळात अखंड असतो, त्याला खण नसतात. श्रुती त्यात आहेत, मींड त्यात आहे. दोन दाबांमधला प्रवास संथ करणारा स्लू नावाचा ठोकळा असतो; तो लावला की स्वर उडी न मारता घसरत जातो. भाच्याला मी म्हणालो, क्वांटायझर नंतर घे, स्लू आधी घे. १९४० मध्ये आपल्या नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेप हाच होता की पेटीच्या पट्ट्यांत मींड बसत नाही. ती बंदी चुकीची होती असे मला वाटते. पण आक्षेपामागचा कान खरा होता. नव्या वाद्याने जे आपोआप दिले आहे ते आपण होऊन बंद करू नये.

सातवी आणि शेवटची गोष्ट कानांची. चौकटीच्या आतला आवाज दहा व्होल्टच्या झोक्याचा असतो. घरातल्या टेपरेकॉर्डर-स्पीकरला लागतो त्याच्या कितीतरी पट मोठा. तो थेट हेडफोनमध्ये सोडू नये. बाहेर जाण्यासाठी आउटपुटचा वेगळा ठोकळा असतो, तो यादीत हवाच. प्रत्येक वेळी आवाज शून्यावर ठेवून तार लावायची, मग हळूहळू वाढवायचा. फिल्टरचे एक बटण असे असते की ते फार चढवले तर तो स्वतःच किंचाळू लागतो. अब्बांचे कान शेवटच्या वर्षांत गेले होते. घोडीवर बोट ठेवून ते जवारी ओळखायचे. ठोकळा दुसरा मिळतो. कान मिळत नाही.

या सगळ्यातून काय ठरले ते सांगतो. लाखातले निम्मे गच्चीला गेले. हे मी सांगितले नाही, पावसाने सांगितले. जुलैत माजघरात बादली ठेवायची वेळ आली तेव्हा भाच्याने आपण होऊन पैसे पाठवले. उरलेल्यात त्याने एक अर्ध-मॉड्युलर, एक छोटी चौकट चांगल्या विजेसकट, दुसरा ऑसिलेटर आणि दोन व्हीसीएंचा एक ठोकळा एवढेच घेतले. मिक्सर, आउटपुट आणि स्लू अर्ध-मॉड्युलरमध्येच होते, ते पाहूनच निवड केली. आणि वीस तारा. तारा नेहमी कमी पडतात. वहीतल्या नवांपैकी दोन अजून घ्यायचे आहेत, पण त्याला घाई राहिलेली नाही.

ईदला तो पेटी घेऊन मिरजेला आला. सकाळी चालू करून ठेवली, कारण अशा ऑसिलेटरला तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागतो. थंड असताना सूर लावला तर पुढे सरकतो. मी अब्बांचा तंबोरा काढला. त्याच्याही तारा हवेने उतरल्या होत्या. दोन्ही वाद्ये काळी दोनमध्ये मिळवायला आम्हाला पाऊण तास लागला. एकीकडे मी खुंटी पिळतोय, दुसरीकडे तो बटण. मग पंधरा-वीस मिनिटे दोन्ही चालू राहिली. तंबोऱ्याचा सूर झंकारून विरायचा आणि त्याच्या खालून पेटीचा सूर येत राहायचा, हळूहळू उघडत, हळूहळू मिटत. दोन ऑसिलेटर केसभर बेसूर ठेवले होते, त्यामुळे सुराच्या आत एक संथ हेलकावा होता.

बहीण शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. वाट्या हातात तशाच. नंतर भाच्याजवळ बसली आणि विचारले, "हे पुढचं एवढं भोक कशाला ठेवलंय? काही पडलं का यातून?"

"नाही अम्मी. ती जागा रिकामी ठेवलीय. मामूंनी सांगितलं."

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाईजान, रिकामीच राहू दे. पुढच्या वर्षी न्हाणीघराचा पत्रा बदलायचाय."